शरणपूरचे अनाथालय व शाळा

नासिक शहराच्या पश्चिमेस, चर्च मिशनरी सोसायटी (स्था. १७९९) या इंग्लंडमधील अँग्लिकन मिशनसंस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसविलेल्या शरणपूर या ख्रिस्ती वस्तीतील धर्मादाय संस्था. स्थानिक अनाथ व निराश्रित मुलांबरोबरच पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या गलबतांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलामुलींना येथे आश्रय, अक्षरज्ञान व हस्तव्यवसायांचे शिक्षण देण्यात आले. डेव्हिड लिव्हिंग्स्टन (१८१३–७३) याच्या अखेरच्या प्रवासातील ‘नासिकची मुले’ याच शाळेत वाढली. पुढे तिचे अनेक विद्यार्थी आजच्या केन्यातील फ्रीअरटाउन व रबाई येथील मुक्त गुलामांच्या वसाहतींचे आधारस्तंभ ठरले. गोदावरीकाठच्या एका लहान शाळेचा दोन खंडांच्या इतिहासाशी संबंध यावा, अशी उदाहरणे विरळ आहेत. धर्मादाय शिक्षणाने निराधार मुलाला काय दिले आणि त्याच्याकडून काय काढून घेतले, या प्रश्नाच्या दृष्टीनेही या संस्थेचा इतिहास उद्‌बोधक आहे.

पार्श्वभूमी : ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदी कायद्याने ख्रिस्ती मिशनऱ्यांचा हिंदुस्थानातील प्रवेश सुकर झाला. त्यानंतरच्या दोन दशकांत मराठी मुलखात वेगवेगळ्या मिशनांनी आपापली क्षेत्रे निवडली. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईनंतर १८३१ मध्ये अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे ठाणे घातले, तर चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ मध्ये नासिक निवडले. त्या काळी नासिक हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. १८६९ मध्ये तो निर्माण होईपर्यंत नासिक हा अहमदनगर जिल्ह्याचाच एक उपविभाग होता. त्यामुळे नासिकपासून खाली कोपरगाव–नेवाशापर्यंतचे गोदावरीचे खोरे प्रशासनाच्या दृष्टीने एकाच जिल्ह्यात मोडत असे. मिशनांच्या शाळाही या खोऱ्याच्या व त्यालगतच्या दुष्काळी पट्ट्याच्या आश्रयानेच वाढल्या.

या शाळांचे स्वरूप बहुतांशी धर्मादाय होते. फी नसे. अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींची मुले, मुली आणि अनाथ यांना अन्यत्र प्रवेश नसल्याने त्यांचा ओढा इकडे असे. अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार (१७९५–१८६२) यांनी चालविलेल्या मुलींच्या शाळा या संदर्भात प्रसिद्ध आहेत. त्या पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली आणि सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतले. नासिक येथील चर्च मिशनरी सोसायटीच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत चार्ल्स पिनहॉर्न फरार यांचे नाव येते. हे फरार इंग्रज व निराळ्या मिशनचे होत. सिंथिया फरार या अमेरिकन होत्या. आडनावाच्या सारखेपणामुळे या दोघांची गल्लत होण्याचा संभव असतो.

नासिक हे तीर्थक्षेत्र असल्याने तेथील ब्राह्मणवर्गात मिशनऱ्यांना फारसे यश आले नाही. धर्मांतर करणाऱ्याला जातीबाहेर टाकले जाई. त्याचे घर, वतन व धंदा एका दिवसात तुटे आणि तो मिशनच्या आश्रयास येई. अशा कुटुंबांना आणि अनाथ मुलांना शेती व हस्तव्यवसाय यांच्या आधारे स्वतःच्या पायांवर उभे करावे, या हेतूने विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५५ च्या सुमारास शहराबाहेर स्वतंत्र वस्ती स्थापन केली. तिला ‘शरणपूर’ असे नाव देण्यात आले. आश्रयाची नगरे ही बायबलच्या जुन्या करारातील कल्पना त्यामागे होती. पण शरण आलेल्यास अभय देणे ही कल्पना मराठी माणसालाही परकी नव्हती. वस्तीत चर्च, घरे, मुलामुलींची वसतिगृहे, शाळा व कारखाना अशी रचना होती.

आफ्रिकी मुलांचे आगमन : आफ्रिकी माणूस महाराष्ट्राला नवा नव्हता. गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेला मलिक अंबर (मृ. १६२६) निजामशाहीचा सूत्रधार बनला होता व जंजिऱ्याच्या सिद्दींनी कोकणकिनाऱ्यावर दीर्घकाळ सत्ता गाजविली होती. तथापि शरणपूरला आलेली मुले वेगळ्या परिस्थितीतून आली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओमानचा सुलतान सय्यद सईद याने झांझिबार येथे राजधानी हलविली. लवंगांच्या मळ्यांसाठी तसेच अरबस्तान व इराणच्या आखाताकडे पाठविण्यासाठी गुलामांची मागणी वाढत गेली. न्यासा सरोवराच्या परिसरातील याओ, माकुआ, न्यासा इ. जमातींतील माणसे पकडून किंवा विकत घेऊन किल्वा व झांझिबार या बंदरांवर आणली जात. या व्यापाराला भांडवल पुरविणाऱ्यांत कच्छी व गुजराती व्यापारीही होते. १८६० च्या सुमारास झांझिबारमधील ब्रिटिश वाणिज्यदूत क्रिस्टोफर रिग्बी याने ब्रिटिश प्रजाजन ठरणाऱ्या अशा व्यापाऱ्यांच्या ताब्यातील हजारो गुलामांना मुक्त करविले.

ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बेकायदा ठरविला होता. हिंदुस्थानात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८४३ च्या कायद्याने काढून घेण्यात आली. १८४५ मध्ये झांझिबारच्या सुलतानाशी झालेल्या कराराने त्याच्या आफ्रिकी मुलखाबाहेर गुलामांची निर्यात करण्यास बंदी आली. परंतु चोरटा व्यापार चालूच राहिला. ब्रिटिश आरमाराची जहाजे समुद्रात गस्त घालून गलबते पकडीत. पकडलेल्या गलबतावरील माणसांना परत त्यांच्या गावी पोहोचविणे बहुधा अशक्य असे. कारण ती गावे किनाऱ्यापासून कित्येक आठवड्यांच्या वाटेवर असत आणि पुष्कळदा जाळून उद्ध्वस्त झालेली असत. म्हणून त्यांना एडन, मुंबई, सेशेल्स, मॉरिशस अशा ब्रिटिश ठाण्यांवर उतरवून घेत. मुंबईस उतरलेल्यांत लहान मुलांचे प्रमाण लक्षणीय होते. त्यांची व्यवस्था सरकार वेगवेगळ्या मिशनांकडे व काही खाजगी कुटुंबांकडे करी. मुंबईत चर्च मिशनरी सोसायटीने अशा मुलांसाठी आश्रयगृह चालविले. पूर्वी इथिओपियात काम केलेला जर्मन मिशनरी कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग (मृ. १८६४) त्याची व्यवस्था पाहत असे. १८६० च्या सुमारास ही मुले शरणपूरला हलविण्यात आली. मुंबईच्या गर्दीपेक्षा नासिकची हवा चांगली आणि प्राइसच्या कारखान्यात त्यांना धंदा शिकविता येईल, असा दुहेरी विचार त्यामागे होता.

शिक्षण व दिनक्रम : शरणपूरच्या शिक्षणाची दोन अंगे होती. एक अक्षरशिक्षणाचे व दुसरे हस्तव्यवसायाचे. वाचन, लेखन, गणित व बायबल हे विषय सर्वांना असत. इंग्रजी शिकविली जाई. भोवतालच्या लोकांची मराठी व बाजारातील हिंदुस्थानी मुलांच्या कानांवर पडे. मुलांना सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे आणि मुलींना शिवणकाम व घरकाम शिकवीत. मुले वयात आल्यावर वस्तीतील मुलामुलींचीच लग्ने लावून देण्याचा प्रघात होता. अशी जोडपी पुढे एकत्रच कामावर पाठविली जात. धर्मादाय शाळेत वाढलेल्या मुलाने दानावर अवलंबून न राहता हाताने मिळवून खावे, ही कल्पना त्या काळच्या इंग्लंडमधील गरीब मुलांच्या औद्योगिक शाळांतून आली होती. हिंदुस्थानात मात्र तिला एक निराळे परिमाण लाभले. येथे सुताराचा मुलगा सुतार व लोहाराचा मुलगा लोहार होत असे. ज्याला जात नाही, कूळ नाही, अशा मुलाला धंदा देणारी दुसरी संस्था नव्हती. शाळेचा कारखाना ही त्याची जागा ठरली.

मुलांची नावे मात्र बदलली गेली. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना बायबलमधील वा इंग्रजी नाव मिळे आणि आडनाव अनेकदा एखाद्या मिशनऱ्याचे वा उपकारकर्त्याचे असे. सायमन प्राइस, रिचर्ड इझेनबर्ग, केरस फरार या विद्यार्थ्यांच्या नावांत संस्थेशी संबंधित तीन मिशनऱ्यांची आडनावे एकत्र सापडतात. मूळची आफ्रिकी नावे थोड्यांचीच टिपली गेली. मॅथ्यू वेलिंग्टन या विद्यार्थ्याचे पूर्वीचे नाव चेंगविम्बे होते, हे त्याने पुढे म्हातारपणी सांगितलेल्या हकिकतीमुळे समजते. बहुतेकांच्या बाबतीत आई-वडिलांनी ठेवलेले नाव गलबताबरोबरच मागे राहिले.

लिव्हिंग्स्टन आणि ‘नासिकची मुले’ : १८६५ मध्ये नाईल नदीच्या उगमाचा शोध व गुलामांच्या व्यापाराचे निर्मूलन असे दुहेरी उद्दिष्ट घेऊन लिव्हिंग्स्टन मुंबईस आला. त्यावेळी मुंबईचा गव्हर्नर हेन्री बार्टल फ्रीअर (कार. १८६२–६७) होता. त्याच्या प्रोत्साहनाने लिव्हिंग्स्टनने शरणपूरच्या शाळेतून साथीदार निवडले. नऊ तरुण स्वखुशीने तयार झाले. आफ्रिकी प्रदेशात जन्मलेले, इंग्रजी समजणारे व हाताने काम करणारे तरुण मोहिमेस उपयोगी पडतील, अशी अपेक्षा होती. जानेवारी १८६६ मध्ये ही मंडळी मुंबईहून झांझिबारला रवाना झाली. लिव्हिंग्स्टनचा प्रसिद्ध सेवक जेम्स चुमा याला बरेचदा नासिकचा समजतात. परंतु चुमा हा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या स्कॉटिश मिशनच्या आश्रयाखाली होता.

ही अपेक्षा पुरती सफल झाली नाही. लोहारकाम व सुतारकाम शिकलेल्या तरुणांना ओझी वाहण्याचे काम कमीपणाचे वाटे. ते मागे रेंगाळतात, कामचुकारपणा करतात, अशा तक्रारी लिव्हिंग्स्टनच्या दैनंदिनीत वारंवार आढळतात. रिचर्ड इझेनबर्ग जुलै १८६६ मध्ये वाटेतच मरण पावला. उपासमार, ताप व पुढील वाटेचे भय यांमुळे पुढील वर्षांत इतरही सोडून गेले. १८७० च्या मध्यास लिव्हिंग्स्टनबरोबर सुसी, चुमा व नासिकचा एडवर्ड गार्डनर असे तिघेच उरले होते.

या तक्रारींची दुसरी बाजू मात्र त्याच दैनंदिनीतील एका प्रसंगातून उघड होते. १८६६ मध्ये न्यासा सरोवराच्या पूर्वेस मटाका नावाच्या याओ प्रमुखाच्या गावी मुक्काम असताना, नासिकच्या मुलांपैकी अब्राहम याला गर्दीत आपला चुलता दिसला. ओळख पटल्यावर त्याला समजले, की आपण पकडले गेल्यानंतर आई व दोघी बहिणी यांनाही अरबांना विकण्यात आले. चुलत्याने त्याला राहण्याचा आग्रह केला, प्रमुखानेही केला. लिव्हिंग्स्टनने स्वतः त्यास दुजोरा देऊन काही महिने पुरेल एवढा माल देऊ केला. परंतु आई व बहिणी जेथे उरल्या नाहीत, तेथे राहण्यास अब्राहम तयार झाला नाही. तो मोहिमेबरोबर पुढे गेला. शरणपूरने या मुलाला निवारा दिला होता. मायदेशी पोहोचूनही त्याला घर परत मिळाले नाही. ते देणे कोणत्याही शाळेच्या आवाक्याबाहेरचे होते.

१८७१ मध्ये हेन्री मॉर्टन स्टॅन्ली हा लिव्हिंग्स्टनला उजिजी येथे भेटला. १८७२ मध्ये स्टॅन्लीने झांझिबारहून जी नवी माणसे त्याच्याकडे पाठविली, त्यांत शरणपूरचे आणखी सहा विद्यार्थी होते : जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, केरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन, रिचर्ड रटन व बेंजामिन रटन. लिव्हिंग्स्टनच्या शोधासाठी इंग्लंडहून निघालेल्या, परंतु झांझिबारच्या किनाऱ्यावरच मोडलेल्या मोहिमेसाठी ते नासिकहून आले होते.

मे १८७३ च्या आरंभी बँग्वेउलू सरोवराच्या दक्षिणेस चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मृत्यू पावला. त्याचे शव किनाऱ्यापर्यंत पोहोचविण्याचा निर्णय त्याच्या आफ्रिकी साथीदारांनी आपसांत विचार करून घेतला; त्यावेळी तेथे एकही यूरोपीय नव्हता. झांझिबारमध्ये पूर्वी एका डॉक्टराकडे काम केलेल्या फरिजालाने केरस फरारच्या मदतीने शवातील आतडी काढली. मीठ लावून शव उन्हात वाळविण्यात आले. हृदय व अंतर्भाग एका झाडाखाली पुरण्यात आले. जेकब वेनराइटने इंग्रजी प्रार्थनापुस्तकातील अंत्यविधी वाचला आणि झाडाच्या बुंध्यावर लिव्हिंग्स्टनच्या नावाबरोबर आफ्रिकी साथीदारांची नावेही कोरली. मृताच्या सामानाची यादी करणे व नोंदी ठेवणे हे कामही त्याच्याकडे होते. त्यानंतर सुमारे नऊ महिने ही मंडळी शव घेऊन चालत राहिली. उन्यान्येंबे येथे भेटलेला इंग्रज प्रवासी व्हर्नी लव्हेट कॅमरन याने शव तेथेच पुरण्याचा सल्ला दिला; तो त्यांनी मानला नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयो या किनाऱ्यावरील बंदरात पोहोचले. पुढे मिशनच्या खर्चाने जेकब वेनराइट शवपेटिकेबरोबर इंग्लंडला गेला व १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमधील दफनविधीत शवपेटिकेच्या मानकऱ्यांपैकी एक म्हणून सहभागी झाला. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने या यात्रेतील साठ जणांसाठी रौप्यपदके पाडली.

वेनराइटची रोजनिशी हा या यात्रेचा आफ्रिकी माणसाने स्वहस्ते लिहिलेला समकालीन वृत्तांत होय. तिचे जर्मन भाषांतर १८७४ मध्येच प्रसिद्ध झाले. केरस फरारनेही आपली हकिकत लिहून ठेवली. आफ्रिकेच्या एकोणिसाव्या शतकातील प्रवासांचा इतिहास प्रामुख्याने यूरोपीय प्रवाशांच्या लेखणीतून उतरला आहे. शरणपूरच्या दोन विद्यार्थ्यांच्या या नोंदींना त्यामुळे विशेष महत्त्व आहे. ज्या शाळेने त्यांची नावे बदलली, त्याच शाळेने त्यांच्या हाती लेखणीही दिली, असे म्हणावे लागते.

फ्रीअरटाउन व रबाई : शरणपूरच्या विद्यार्थ्यांचे आफ्रिकेत परतणे लिव्हिंग्स्टनपूर्वीच सुरू झाले होते. पूर्व आफ्रिकेत चर्च मिशनरी सोसायटीचे काम योहान लूटव्हिख क्राफ याने १८४४ मध्ये मोंबासा येथे सुरू केले. त्याचा सहकारी योहानेस रेबमान रबाई येथे अनेक वर्षे जवळजवळ एकटाच होता. १८६४ मध्ये मुंबई व नासिक येथे शिकलेले विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर आपापल्या पत्नींसह त्याच्या मदतीस गेले. पुढे जॉर्ज डेव्हिड हाही त्यांना मिळाला.

१८७२–७३ मध्ये फ्रीअर हा ब्रिटिश सरकारचा दूत म्हणून झांझिबारला गेला. त्याच्या वाटाघाटींनंतर जून १८७३ मध्ये सुलतान बरघशने समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार व गुलामांचे बाजार बंद करण्याच्या करारावर सही केली. यापुढे सुटका होणाऱ्या गुलामांसाठी आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर वसाहत हवी, आणि नासिकचे तरुण तिचा पाया ठरू शकतील, असे मत फ्रीअरने मांडले. त्यानुसार चर्च मिशनरी सोसायटीने प्राइसलाच मोंबासाला पाठविले. बेटासमोरील मुख्य भूमीवर १८७५ मध्ये वसविलेल्या वसाहतीला फ्रीअरटाउन असे नाव देण्यात आले. शरणपूर व मुंबई येथून सुमारे दीडशे आफ्रिकी तेथे गेले. ‘मुंबईचे आफ्रिकी’ या नावाने ते ओळखले जाऊ लागले. वसाहतीतील शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषे व धर्मोपदेशक बहुतांशी त्यांच्यातूनच आले. गुलामांच्या गलबतातून नव्याने सुटलेल्या माणसांना आसरा देणारे लोक आता स्वतः एकेकाळी तसेच सुटलेले होते. शरणपूरची मूळ कल्पनाच अशा रीतीने समुद्रापार गेली.

फ्रीअरटाउनमधील जीवन सुरळीत नव्हते. मोंबासाच्या गुलाममालकांना ही वसाहत पळून जाणाऱ्या गुलामांचे आश्रयस्थान वाटे व हल्ल्याची भीती कायम असे. ‘मुंबईच्या आफ्रिकी’ लोकांची अवस्थाही अवघड होती. कोट-पाटलोण घालणारे, इंग्रजी बोलणारे हे लोक किनाऱ्यावरील स्वाहिली समाजाला परके वाटत. यूरोपीय मिशनरी त्यांना आपल्या बरोबरीचे मानीत नसत आणि वेतनावरून दोहोंत वाद होत. १८८० च्या सुमारास फ्रीअरटाउनच्या यूरोपीय व्यवस्थापकाने रहिवाशांना फटक्यांच्या शिक्षा दिल्याचे प्रकरण उघडकीस आले. गुलामगिरीतून सोडविलेल्यांवरच चाबूक चालल्याने इंग्लंडमध्ये टीका झाली व घडी बसविण्यासाठी प्राइसला पुन्हा मोंबासाला जावे लागले.

याच काळात विल्यम जोन्सचे कर्तृत्व विशेष उठून दिसते. रबाई येथील वस्तीचे काम पाहत असताना त्याने पळून आलेल्या अनेक गुलामांना आश्रय दिला. मालकांशी संघर्ष नको म्हणून असा आश्रय देऊ नये, असा मिशनच्या वरिष्ठांचा दंडक होता. लहानपणी स्वतः विकला गेलेला जोन्स पळून आलेल्यास परत पाठविण्यास राजी नव्हता. अखेर हा प्रश्न इतका तीव्र झाला, की इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना मोबदला देऊन रबाई व इतर मिशनठाण्यांतील सुमारे १,४०० पळालेल्या गुलामांना १ जानेवारी १८८९ रोजी मुक्तिपत्रे दिली. तत्पूर्वी १८८५ मध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टन याने जोन्स व सेमलर यांना दीक्षा दिली होती. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाकडे निघाला असता जोन्स त्याच्याबरोबर होता. बुसोगा येथे बिशपची हत्या झाल्यावर मागे राहिलेला तांडा सुखरूप किनाऱ्यावर आणण्याची जबाबदारी जोन्सने पार पाडली. जेकब वेनराइटच्या वाट्याला मात्र असे स्थैर्य आले नाही. इंग्लंडमधील कौतुकानंतर त्याने फ्रीअरटाउनमध्ये काही काळ काम केले. पुढे तो खंडाच्या अंतर्भागात गेला व १८९२ मध्ये टांगानिकातील उरांबो येथे मरण पावला. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासा येथे १९३५ पर्यंत हयात होता.

उत्तरकाळ : आफ्रिकी विद्यार्थी निघून गेल्यावर शरणपूरच्या इतिहासातील आफ्रिकी पर्व संपले. शरणपूर ही मराठी ख्रिस्ती लोकांची वस्ती म्हणून टिकून राहिली. १८७६–७८ व १८९९–१९०० च्या दुष्काळांनी अहमदनगर, नासिक व सोलापूरकडील मिशनांच्या अनाथालयांत मोठी भर घातली. त्या काळात दुष्काळग्रस्तांना दिलेले अन्न व धर्मांतर यांच्या संबंधाविषयी हिंदू समाजात तीव्र शंका व्यक्त झाल्या आणि त्या निराधार नव्हत्या. भुकेने दारी आलेल्या मुलाला धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य किती असते, हा त्यातील खरा प्रश्न होता. दुसऱ्या बाजूस या मुलांसाठी दुसरी दारे फारशी उघडी नव्हती, हेही तितकेच खरे. विसाव्या शतकात ती दारे इतरांनी उघडली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने (स्था. १९१९) सर्व जातींच्या गरीब मुलांना एका वसतिगृहात आणून, श्रम करून शिकण्याची पद्धत धर्मांतराच्या अपेक्षेविना रुजविली. १९६५ मध्ये त्याच संस्थेचे महाविद्यालय कोपरगावातही सुरू झाले. वसतिगृह, शाळा व शारीरिक श्रम यांची सांगड ही कल्पना अशा प्रकारे मिशनच्या कक्षेबाहेर, स्वतंत्र रीतीने फळाला आली.

१९७० मध्ये उत्तर भारतातील अँग्लिकन व इतर प्रॉटेस्टंट चर्चे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. शरणपूर आता वाढत्या नासिक शहरात सामावले असून त्याचे नाव शहरातील एका गजबजलेल्या रस्त्याला उरले आहे. जवळजवळ सर्व आफ्रिकी विद्यार्थी निघून गेल्यामुळे महाराष्ट्रात त्यांची आठवण सांगणारा समाज मागे राहिला नाही. केन्यात मात्र फ्रीअरटाउन व रबाई येथे त्यांचे वंशज असून रबाई येथील क्राफ स्मारक संग्रहालय त्या काळाची स्मृती जपते. गुलामांच्या व्यापाराविरोधी कायद्याच्या द्विशताब्दीनिमित्त लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने २००७ मध्ये ‘मुंबईचे आफ्रिकी’ या विषयावर प्रदर्शन भरविले. त्यानंतर या विषयाकडे अभ्यासकांचे लक्ष नव्याने वेधले गेले आहे.

मूल्यमापन : शरणपूरची स्थापना करणाऱ्यांचा मुख्य हेतू धर्मप्रसाराचा होता आणि त्यांनी तो लपविला नाही. मुलांची नावे, धर्म, विवाह व पुढील कामाचे ठिकाण यांबाबतचे निर्णय बहुतांशी इतरांनी घेतले. अशा दृष्टीने पाहिल्यास गुलामगिरीतून सुटलेल्या मुलाला येथे सुरक्षितता मिळाली. आपल्या आयुष्याविषयी स्वतः निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य मात्र मिळाले नाही. ते त्यांनी पुढे स्वतः मिळविले. चितांबोच्या गावी शव किनाऱ्यावर नेण्याचा निर्णय, वेनराइट व फरार यांनी केलेले लेखन, वेतनासाठी घेतलेली ताठ भूमिका आणि वरिष्ठांचा दंडक बाजूस सारून जोन्सने दिलेला आश्रय, या सर्व गोष्टी त्यांना कोणी नेमून दिल्या नव्हत्या. शाळेने दिलेले अक्षरज्ञान व हातातील धंदा यांच्या बळावर त्या शक्य झाल्या, हे या धर्मादाय शिक्षणाचे श्रेय. त्या शाळेच्या अपेक्षेपलीकडे गेल्या, हे त्या मुलांचे श्रेय होय. शरणपूर या नावातील अभय जोन्ससारख्या विद्यार्थ्याने रबाईत इतरांना दिले, तेव्हाच त्या नावाचा अर्थ पूर्ण झाला.